मुदतवाढीची बातमी आली की मला आता धडकीच भरते

४ जुलै २०२४ ला मँचेस्टर युनायटेडने आपला मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, एरिक टेन हाग याचा करार २०२६ पर्यंत वाढवला तेव्हा आमच्या ग्रुपवर एका मित्राने लिहिलं होतं, "चला, आता तरी माणसाला शांतपणे काम करू देतील." मी लगेच लाइक ठोकलं. मनापासून ठोकलं, कारण मलाही तसंच वाटत होतं. मे महिन्यात वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला २-१ ने हरवून एफए कप घेतला होता, गार्नाचो आणि मेनू या दोन पोरांनी गोल मारले होते, आणि मी उशिरापर्यंत तेच तेच हायलाइट्स बघत बसलो होतो. त्या नादात लीगमध्ये आपण आठवे आलोय, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तोवर इतके खाली कधीच आलो नव्हतो, हे आम्ही सगळेच विसरलो. आमचं ठीक आहे हो, आम्ही फॅन आहोत, पण क्लब पण विसरला.

२७ ऑक्टोबरला वेस्ट हॅमकडे २-१ ने हरलो, टेबलमध्ये चौदावे, आणि दुसऱ्या दिवशी टेन हागला नारळ. मी मोजले, मुदतवाढीपासून ११६ दिवस.

नंतर क्लबचे हिशोब बाहेर आले त्यात टेन हाग आणि त्याच्या स्टाफला घालवायचा खर्च १ कोटी ४ लाख पौंड. त्याच्या जागी अमोरिमला आणायला त्याच्या पोर्तुगालमधल्या क्लबला, स्पोर्टिंगला, १ कोटी १० लाख युरो दिले ते वेगळे. आणि हे सगळं नीट बघायला म्हणून ज्या डॅन अ‍ॅशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणलं होतं, तो पाच महिन्यांत गेला, त्याचे ४१ लाख पौंड परत वेगळे. आता साधा हिशोब करा, करार मुळात जून २०२५ ला संपत होता. तो तसाच ठेवला असता तर ऑक्टोबरमध्ये काढताना फार तर आठ महिन्यांचं देणं राहिलं असतं. जुलैमध्ये जी सही केली तिने आणखी एक अख्खं वर्ष त्या बिलात घातलं. मॅच हरल्याचं दुःख मला दोन दिवस राहतं, हे असलं काही वाचलं की महिनाभर डोक्यातून जात नाही.

बरं हे पहिल्यांदा झालं असतं तर म्हटलं असतं चुकतो माणूस. पण मोरिन्योला जानेवारी २०१८ मध्ये नवा करार दिला आणि त्याच डिसेंबरमध्ये काढलं, तेव्हा त्याचे आणि त्याच्या स्टाफचे मिळून १ कोटी ९६ लाख पौंड गेले. ओले सोल्शायरला २४ जुलै २०२१ ला २०२४ पर्यंतचा करार दिला, तोही युरोपा लीगची फायनल विलारेआलकडे पेनल्टीवर हरल्यानंतर दोनच महिन्यांत, आणि २१ नोव्हेंबरला, वॉटफर्डने ४-१ ने धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरी पाठवलं. म्हणजे एकाच क्लबने तीन मॅनेजरांना मुदतवाढ दिली आणि तिघांनाही वर्षाच्या आत घालवलं. पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, इथे ठेच लागणारा पण तोच आणि मागून येणारा पण तोच.

आणि हे फक्त युनायटेडचं दुखणं नाहीये. नॉटिंगहॅम फॉरेस्टने नूनोला जून २०२५ मध्ये २०२८ पर्यंतचा करार दिला, सप्टेंबर उजाडला आणि तो बाहेर. त्याच्या जागी पोस्टेकोग्लू आला, त्याला ३९ दिवस मिळाले.

मला या सगळ्यात खरा राग कशाचा येतो सांगू का, मॅनेजरच्या पैशाचा नाही. करार केलाय, कागदावर सही आहे, तर त्याचा पैसा त्याला मिळालाच पाहिजे. लोक लिहितात "काही न करता एवढे कोटी घेऊन गेला", पण त्याने बंदूक लावून घेतली होती का सही? समोरच्याने आनंदात दिली म्हणून घेतली. तुम्ही आम्ही पण घेतली असती. राग येतो तो त्या टेन हागच्या सीझनमध्येच पुढे जे झालं त्याचा. २०२४ मध्ये क्लबने अडीचशे नोकऱ्या कमी केल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की अजून दीडशे ते दोनशे जातील. ओल्ड ट्रॅफर्डचं स्टाफ कॅन्टीन बंद, फुकट जेवण मिळायचं त्याच्याऐवजी फळं. त्या सीझनमधली उरलेली मेंबर तिकिटं सरसकट ६६ पौंड केली, लहान पोरांना सवलत नाही, पेन्शनरांना नाही. आता आजोबा नातवाला घेऊन मॅचला आले तर दोघांचे मिळून १३२ पौंड, आणि त्यातल्या एकाला धड गोलकीपरचं नाव पण माहीत नसेल इतका तो लहान.

क्लब तोट्यात आहे, खर्च कमी करायलाच हवा, हे मला पटतं. पण ज्या लोकांनी मुदतवाढीवर सही केली त्यांच्या ताटातलं काही गेलं नाही, ताट गेलं ते कॅन्टीनमध्ये जेवणाऱ्या माणसाचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता एक केस जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना ती माहीत नसते आणि तिचा धागा थेट पुण्याला येतो. ब्लॅकबर्न रोव्हर्स. १९९५ चे चॅम्पियन. २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज या पोल्ट्री कंपनीने हा क्लब विकत घेतला, महिन्याभरात सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं, आणि २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मॅनेजर म्हणून हेनिंग बर्गला आणलं. हा बर्ग म्हणजे त्या १९९५ च्या टीममधला डिफेंडर, म्हणजे आपला माणूस घरी परत आला असंच तिथल्या लोकांना वाटलं असणार. करार जून २०१५ पर्यंतचा. दहा मॅच झाल्या, त्यातली एक जिंकली, आणि २७ डिसेंबरला काढला. ५७ दिवस. त्या दहा मॅच बघून काढायचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण करारात एक कलम होतं, मुदतीच्या आधी काढायचं असेल तर राहिलेल्या सगळ्या मुदतीचा मूळ पगार द्यायचा. राहिलेली मुदत अडीच वर्षं. रक्कम साडेबावीस लाख पौंड.

क्लबने पैसे दिले नाहीत म्हणून बर्ग कोर्टात गेला, आणि इथे जे झालं ते वाचताना मला खरंच वाईट वाटलं. क्लबने आधी कोर्टात मान्य केलं की हो, एवढं देणं लागतो. मग पवित्रा बदलला, म्हणे ज्या मॅनेजिंग डायरेक्टरने हा करार केला त्याला असा करार करायचा अधिकारच नव्हता, आम्हाला ती कबुली मागे घेऊ द्या. कोर्टाने मागे घेऊ दिली नाही. २०१३ मध्ये निकाल बर्गच्या बाजूने लागला, साडेबावीस लाख द्या. तो होता त्या ५७ दिवसांनी भागून बघितले तर प्रत्येक दिवसाचे ३९ हजार पौंडांच्या वर होतात. आणि तोपर्यंत पुढचा मॅनेजर मायकल अ‍ॅपलटन येऊन ६७ दिवसांत गेला पण होता.

विचार करा, आपलाच वरिष्ठ अधिकारी, आपल्याच क्लबच्या वतीने सही करतो, आणि मालक कोर्टात सांगतो की याला अधिकार नव्हता. म्हणजे करार करताना एका खोलीत कोण कोण होतं, कोणी ते कलम वाचलं, कोणी विचारलं की बाबा हे जमलं नाही तर काय? मला वाटतं कोणीच विचारलं नसेल. लग्न ठरवायला बसलेल्या लोकांत फारकतीचा विषय काढणं अशुभ वाटतं ना, तसंच काहीतरी असणार. पण फुटबॉलमधला मॅनेजर जाणारच असतो हो, हे क्लबमध्ये झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. तो कधी जाईल एवढाच प्रश्न.

मग क्लब एवढे लांब करार देतात का? याला कारण आहे आणि ते अगदीच बिनडोक नाहीये, हे पण मान्य करायला पाहिजे. चांगला मॅनेजर दुसऱ्याने पळवला तर करार जितका लांब तितकी भरपाई जास्त मागता येते. ब्राइटनने ग्रॅहम पॉटर सोडला तेव्हा त्याच्या आणि स्टाफच्या बदल्यात चेल्सीकडून २ कोटी पौंडांच्या वर घेतले. पोर्तोच्या आंद्रे व्हिलास-बोआसच्या करारात दीड कोटी युरो ठोका आणि घेऊन जा असं कलम होतं, २०११ मध्ये चेल्सीने ठोकले. बायर्नने नागेल्समनला लाइपझिगकडून आणलं तेव्हा बोनस वगैरे धरून अडीच कोटी युरोंपर्यंत आकडा जाईल अशा बातम्या होत्या, मॅनेजरसाठी इतके कोणी मोजले नव्हते. अ‍ॅलन पार्ड्यूला न्यूकॅसलने २०१२ मध्ये चक्क आठ वर्षांचा करार दिला होता, सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, पण दोन-सव्वादोन वर्षांनी तो स्वतःच क्रिस्टल पॅलेसला निघाला आणि भरपाई न्यूकॅसलला मिळाली. म्हणजे विकणाऱ्यासाठी लांब करार ही ठेव आहे.

पण इथेच घोडं पेंड खातं. असा माणूस कितीसा असतो ज्याला दुसरे क्लब पैसे मोजून न्यायला टपलेत? पॉटर तेव्हा होता. जुलै २०२४ मध्ये टेन हागला पळवायला दारात कोण उभं होतं? कोणीच नाही. उलट युनायटेडच त्या उन्हाळ्यात दुसऱ्या मॅनेजरांशी बोलत होते, हे टेन हागने स्वतः नंतर सांगितलं. म्हणजे आधी दुसरीकडे चाचपणी केली, तिथे जमलं नाही, आणि मग याच्यावर आमचा विश्वास आहे हे जगाला दाखवायला एक वर्ष वाढवून दिलं. ज्याला कोणी न्यायला येणार नाही त्याला कुलूप कशाला लावायचं?

आणि विकत घेणाऱ्याची बाजू बघा. पॉटरला चेल्सीने पाच वर्षं दिली, सात महिने पण झाले नाहीत, काढला. व्हिलास-बोआस मार्च २०१२ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत गेला. नागेल्समनचा पाच वर्षांचा करार होता, बायर्नने २४ मार्च २०२३ ला काढला, तेव्हा तीन वर्षांच्या वर शिल्लक होती. तो घरी बसून पगार घेत होता, आणि सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या टीमचं काम मिळालं म्हणून करार दोघांनी मिळून संपवला. बायर्न सुटलं ते कोणीतरी त्याला काम दिलं म्हणून. आणलं तेव्हाही पैसे मोजले, घालवलं तेव्हाही मोजले, मधला जो काळ खरंच कामाचा तो सगळ्यात छोटा.

मॅनेजर कॉन्टेचं तर अजून वेगळं. चेल्सीला लीग जिंकून दिली, पुढच्या सीझनला एफए कप दिला, आणि जुलै २०१८ मध्ये, नवा सीझन तोंडावर आलेला असताना काढलं. क्लबला वाटलं की पैसे वाचवू, वाद घातला, ट्रिब्युनल झालं, ते हरले. चेल्सीच्या हिशोबात मॅनेजर आणि कोचिंग स्टाफ बदलायचा खर्च वकिलांसकट २ कोटी ६६ लाख पौंड असा छापलाय. वकिलांसकट हा शब्द मी मुद्दाम लिहितोय, कारण भांडून वाचवायला गेलं की बिल वाढतंच.

आता लोक म्हणतील की मॅनेजरचा करार सहा महिन्यांवर आला की ड्रेसिंग रूममध्ये त्याचं कोणी ऐकत नाही, प्लेअर म्हणतात हा जाणारच आहे. हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. थोडं तथ्य असेल पण. लीड्समध्ये मॅनेजर बिएल्साने २०२० ला पण एक वर्षाचा करार घेतला आणि २०२१ ला पण एक वर्षाचाच, आणि ती पोरं त्याच्यासाठी नव्वद मिनिटं जीव तोडून पळायची. तो गेला तेव्हा लोक रडले. त्याचं कोणी ऐकत नव्हतं असं कोणी म्हणेल का? उलट टेन हागच्या कागदावर २०२६ लिहिलं होतं म्हणून कोणता प्लेअर ऑक्टोबरमध्ये जास्त पळाला? प्लेअर करार बघत नाहीत, टेबल बघतात, मालक बॉक्समध्ये कसा तोंड करून बसलाय ते बघतात.

यावर उपाय फार मोठा नाहीये आणि तो अस्तित्वात आहे. डेव्हिड मॉइसचं उदाहरण घ्या. मे २०१३ मध्ये युनायटेडचा जुना मॅनेजर फर्गसनने निवृत्त होताना मैदानात माइक हातात घेऊन आम्हा सगळ्यांना सांगितलं की नव्या मॅनेजरच्या मागे उभे राहा, मला अजून ते आठवलं की गलबलून येतं. मॉइसला सहा वर्षांचा करार दिला होता. दहा महिन्यांत संपलं. पण युनायटेडला त्याचे आणि त्याच्या स्टाफचे मिळून ५२ लाख पौंडच द्यावे लागले, पाच वर्षांचा पगार द्यावा लागला नाही, कारण चॅम्पियन्स लीगची जागा गेली तर एका वर्षाच्या पगारावर मोकळं करता येईल अशी अट करारात होती असं तेव्हा इंग्लिश पेपरांत आलं होतं. तारखा बघा ना, एव्हर्टनकडे हरून पहिल्या चारात यायचा, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या जागेचा, हिशोब २० एप्रिलला संपला आणि २२ ला त्याला काढलं. दोन दिवसांचा हा योगायोग नव्हे. मला त्या माणसाबद्दल वाईटच वाटतं, पण कागद करणाऱ्याने डोकं चालवलं होतं. तोच क्लब, तेच ऑफिस, पाचच वर्षांनी मोरिन्योला घालवताना त्याच्या जवळजवळ चौपट मोजतो.

मॅनेजर केविन कीगनच्या वेळेस न्यूकॅसलचा पण असाच बचाव झाला होता. त्याला न विचारता प्लेअर घेतला म्हणून तो २००८ मध्ये सोडून गेला, ट्रिब्युनलने २००९ मध्ये सांगितलं की चूक क्लबचीच, त्याला जायला भाग पाडलं. पण त्याने मागितलं होतं त्याच्या कितीतरी कमी, २० लाख पौंड आणि वर व्याज एवढंच मिळालं, कारण तो आकडा करारातच बांधून टाकलेला होता. कीगन मला प्रिय आहे, त्याच्या बाजूनेच माझं मन जातं, तरी म्हणतो की आकडा आधी बांधलेला बरा. दोन्ही बाजूंना कळतं की शेवट झाला तर कितीवर होईल.

आणि आता आपल्या घरचं, कारण इंग्लंडबद्दल एवढं लिहायचं आणि याबद्दल गप्प बसायचं मला जमणार नाही. इगोर श्टिमाच. २०१९ पासून भारताचा कोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल फेडरेशनने त्याला जून २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. त्या वर्षी सॅफ कप (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) वगैरे जिंकलो होतो, वातावरण छान होतं, म्हणजे पुन्हा तेच, आनंदात सही. जानेवारी २०२४ ला एशियन कपमध्ये तिन्ही मॅच हरलो, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडे हरलो. जूनमध्ये कुवेतबरोबर कोलकात्यात ०-० झाली, कॅप्टन छेत्रीची तेव्हा निवृत्तीची म्हणून ठरलेली मॅच, तो रडत होता आणि मी पण. मग ११ जूनला कतारमध्ये कतारचा तो गोल, बॉल लाइनच्या बाहेर गेला होता हे आंधळ्याला पण दिसलं असतं, आणि वर्ल्ड कपच्या पुढच्या फेरीचं स्वप्न संपलं. १७ जूनला श्टिमाच बाहेर.

फेडरेशन म्हणालं तीन महिन्यांचा पगार घे. तो म्हणाला करार दोन वर्षांचा बाकी आहे, पैसे टाका नाहीतर फिफाकडे जातो. आणि त्याच्या बाजूने कागद होता. शेवटी ४ लाख डॉलरवर मिटलं, आपले साधारण ३ कोटी ३६ लाख रुपये. चेल्सीच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही. पण चेल्सी मालकाच्या खिशातून देते. आपल्याकडे ज्युनिअर टीमचे कॅम्प, मुलींच्या लीग, रेफ्रींचं ट्रेनिंग, सगळं एकाच तिजोरीतून चालतं, तिथून ३ कोटी ३६ लाख जातात म्हणजे काय जातं ते मला वेगळं सांगायला नको. बॉल बाहेर गेला होता त्याबद्दल आम्ही महिनाभर भांडलो. ऑक्टोबर २०२३ मधल्या सहीबद्दल कोणाला एक प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही, आणि त्यात मी पण आलो.

पुढचा कोच मानोलो मार्केझ वर्षभर राहिला, हाँगकाँगकडे हरलो, आणि जुलै २०२५ मध्ये दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं. तेव्हा फेडरेशनने जाहीर केलं की कोणी कोणाला काही देणं लागत नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. कोच गेल्याच्या बातमीत अशी ओळ मी तोपर्यंत क्वचितच बघितली होती, आणि पहिल्यांदाच असं झालं की कोच गेला त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पैशावरून कोणी भांडलं नाही, सगळे फक्त फुटबॉलवर बोलत होते, स्ट्रायकर कुठून आणायचा, छेत्रीनंतर कोण, रात्री एक वाजेपर्यंत.